मधुमेहातील आहारविचार : निषेधाकडून प्रमाणाकडे

मधुमेह या विकाराची ओळख भारतीय वैद्यकास फार प्राचीन काळापासून आहे. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांत प्रमेहाचे वीस प्रकार वर्णिलेले आहेत, आणि रोग्याच्या शरीराकडे व मूत्राकडे मुंग्या धावतात हे चिन्ह चरकसंहितेने रोगाच्या पूर्वरूपांत नोंदविले आहे. सुश्रुताने प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन वर्ग केले. पहिल्या वर्गातील रोगी बहुधा कृश व दुसऱ्यातील बहुधा स्थूल असतो असे सांगून, कृशाचे पोषण करावे आणि स्थूलास अपतर्पण द्यावे, असा उपचारभेदही त्याने केला. आजच्या वैद्यकातील मधुमेहाचा पहिला व दुसरा प्रकार आणि सुश्रुताचे हे दोन वर्ग एकरूप आहेत असे म्हणणे धाडसाचे होईल. तथापि एकाच नावाखाली येणाऱ्या सर्व रोग्यांना एकच आहार लागू पडत नाही, हे मर्म त्या काळीही जाणले गेले होते, यात शंका नाही.

आज या प्रश्नाचे स्वरूप अत्यंत व्यापक झाले आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार वीस वर्षांवरील भारतीयांपैकी सुमारे ११.४ टक्के, म्हणजे दहा कोटींहून अधिक लोक मधुमेहाने ग्रस्त आहेत, आणि त्याहूनही अधिक, सुमारे साडेतेरा कोटी लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. एवढ्या मोठ्या लोकसंख्येच्या आहाराचा विचार हा केवळ दवाखान्यातला विषय राहत नाही; तो प्रत्येक घरातील स्वयंपाकघराचा विषय होतो. आणि नेमक्या याच ठिकाणी समजुतींचा गोंधळ फार आढळतो. साखर बंद, भात बंद, बटाटा बंद, अशी निषेधांची एक यादी रोग्याच्या हाती पडते. यादीत जे नाही ते मनसोक्त खाण्यास हरकत नाही, असा तिचा अर्थ घेतला जातो. आणि सर्व निषेध निष्ठेने पाळूनही रक्तातील शर्करा उतरत नाही, तेव्हा रोगी निराश होतो. असे का होते, हे समजण्यासाठी प्रथम शरीरातील शर्करेचा व्यवहार पाहिला पाहिजे.

रक्तशर्करेचा समतोल

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात उपाशीपोटी १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुकोज असते. म्हणजे कोणत्याही क्षणी सर्व रक्तात मिळून जेमतेम पाच ग्रॅम, चहाच्या एका चमच्याएवढी, शर्करा फिरत असते. आता ५० ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी घेतली, तर तिच्यात सुमारे ३४ ग्रॅम कर्बोदके असतात. ही कर्बोदके म्हणजे मुख्यतः पिष्ट होय, आणि पचनानंतर पिष्टाचे ग्लुकोजच होते. एका भाकरीतून रक्तात येऊ पाहणारी शर्करा ही अशा रीतीने रक्तात आधीच असलेल्या शर्करेच्या जवळजवळ सातपट असते. भाकरीची चव गोड नसते म्हणून तिचा शर्करेशी संबंध नाही, ही समजूत किती भ्रामक आहे हे यावरून ध्यानात येईल.

निरोगी शरीरात हा लोंढा सांभाळला जातो तो इन्शुलिन या स्रावामुळे. शर्करा वाढू लागताच स्वादुपिंडातील विशिष्ट पेशी इन्शुलिन सोडतात. त्याच्या प्रभावाने स्नायू ग्लुकोज आत घेतात, यकृत ते ग्लायकोजेनच्या रूपाने साठविते आणि स्वतःकडून होणारा ग्लुकोजचा पुरवठा थांबविते. रात्री किंवा उपवासाच्या वेळी इन्शुलिनचे प्रमाण उतरते व यकृत साठ्यातून थोडे थोडे ग्लुकोज रक्तात सोडू लागते. कारण मेंदूस ते अखंड लागते.

या व्यवस्थेत दोन प्रकारे बिघाड होतो. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराचीच रोगप्रतिकारक यंत्रणा इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करते आणि स्राव जवळजवळ बंद पडतो. दुसऱ्या प्रकारात, आणि बहुसंख्य रोगी याच प्रकारचे असतात, आरंभी इन्शुलिन असते, पण स्नायू व यकृत त्यास पुरेशी दाद देत नाहीत. पुढे स्वादुपिंडही थकत जाते. रात्रभर काही न खाता सकाळी शर्करा चढलेली कशी, असे अनेक रोगी विचारतात. यकृताचा पुरवठा आवरला जात नाही, हे त्याचे मुख्य कारण होय.

रक्तातील शर्करा १०० मिलिलिटरमागे साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्यावरच मूत्रपिंडे ती मूत्रावाटे टाकू लागतात. म्हणून अतिमूत्रता, तहान, मुंग्या लागणे ही लक्षणे दिसण्याच्या कितीतरी आधी विकार जडलेला असू शकतो. उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्याल्यावर दोन तासांनी २०० किंवा अधिक, अथवा शर्करायुक्त हिमोग्लोबिन ६.५ टक्के किंवा अधिक असणे ही निदानाची आज मान्य झालेली परिमाणे आहेत. यांतील शेवटची तपासणी मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखविते. त्यामुळे तपासणीच्या आदल्या दोन दिवसांत केलेल्या पथ्याने तिला फसविता येत नाही.

आहारोपचाराचा इतिहास

इन्शुलिनच्या शोधापूर्वी आहार हाच मधुमेहावरील एकमेव प्रभावी उपाय होता. १७९७ साली जॉन रोलो या ब्रिटिश लष्करी शल्यचिकित्सकाने आपल्या रोग्यास धान्य व भाज्या वर्ज्य करून मुख्यतः मांसाहारावर ठेवले आणि मूत्रातील शर्करा कमी झाल्याचे दाखविले. फ्रेंच वैद्य बूशार्दा याचे निरीक्षण याहून अधिक बोधप्रद आहे. १८७०–७१ मध्ये पॅरिसला प्रशियन सैन्याचा वेढा पडला असता शहरात अन्नाची टंचाई झाली, आणि त्याच काळात त्याच्या मधुमेही रोग्यांच्या मूत्रातील शर्करा घटली. कोणता पदार्थ खावा यापेक्षाही एकंदर किती खावे हा प्रश्न निर्णायक आहे, ही गोष्ट दुर्दैवाच्या त्या प्रसंगाने उघड केली.

१८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे मेरिंग आणि मिंकोव्स्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकल्यास त्यास मधुमेह होतो हे सिद्ध केले. तरी उपाय हाती येण्यास आणखी तीन दशके जावी लागली. मध्यंतरी अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन याने कठोर उपासमारीचा आहार प्रचारात आणला. त्यामुळे मधुमेही मुलांचे आयुष्य काही काळ वाढे, पण ती अस्थिपंजर होऊन जात. १९२१ मध्ये टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळे केले आणि जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या लेनर्ड टॉम्प्सन या मुलास ते प्रथम टोचण्यात आले. तेव्हापासून पहिल्या प्रकारच्या रोग्याचा आहार हा उपासमार न राहता इन्शुलिनच्या मात्रेशी जुळविण्याचा हिशेब झाला. दुसऱ्या प्रकारात मात्र आहार हा आजही उपचाराचा पाया आहे.

धान्याचा हिशेब

महाराष्ट्रात मधुमेह्यास दिला जाणारा सर्वांत प्रचलित सल्ला म्हणजे भात सोडून भाकरी खावी, हा होय. त्यातील तथ्य किती, हे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या कोष्टकांवरून पाहता येते. १०० ग्रॅम सडलेल्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदके आणि तीन ग्रॅमहून कमी तंतू, म्हणजे चोथा, असतो. तितक्याच ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम, गव्हाच्या पिठात ६४ ग्रॅम आणि बाजरीत ६२ ग्रॅम कर्बोदके असून तिन्हींत दहा-अकरा ग्रॅम तंतू असतात.

या आकड्यांतून दोन निष्कर्ष निघतात. ज्वारी, बाजरी व गहू यांतील तंतू तांदळाच्या तिपटीहून अधिक आहेत. ते पचनाचा वेग मंदावतात आणि तृप्ती लवकर देतात. येथवर लोकसमजूत बरोबर आहे. परंतु कर्बोदकांच्या बाबतीत या धान्यांत फार मोठे अंतर नाही. ११५ ग्रॅम ज्वारीत १०० ग्रॅम तांदळाइतकीच कर्बोदके असतात. पूर्वी दोन वाट्या भात खाणारा मनुष्य आता पथ्य म्हणून चार भाकऱ्या खाऊ लागला, तर त्याने पथ्य केले असे म्हणता येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या उपरोक्त पाहणीतील आहारविषयक भाग २०२५ साली प्रसिद्ध झाला. त्यातही हेच दिसून आले. भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, आणि सडलेल्या धान्याच्या जागी केवळ आख्ख्या धान्याचे वा भरड धान्याचे पीठ आणल्याने, एकंदर कर्बोदके न घटविता, मधुमेहाचा धोका कमी झालेला आढळत नाही. काही कर्बोदकांच्या जागी प्रथिने आली असता मात्र तो कमी दिसतो.

अन्नाच्या परिणामाचे आणखी एक माप १९८१ साली टोरांटोच्या जेन्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचविले. समान कर्बोदके देणाऱ्या निरनिराळ्या पदार्थांनी रक्तशर्करा किती चढते, याची ग्लुकोजशी तुलना करून त्यांनी प्रत्येक पदार्थास अंक दिला. ग्लुकोजचा अंक १०० धरल्यास ५५ पर्यंतचा अंक कमी व ७० च्या पुढील अधिक मानतात. कडधान्यांचे अंक सामान्यतः कमी असतात. पांढरा पाव व बहुतेक सडलेले तांदूळ वरच्या बाजूस येतात. कोकणात व गोव्यात रूढ असलेला उकडा तांदूळ सामान्यतः साध्या तांदळापेक्षा खाली येतो. मात्र हा अंक शर्करा किती वेगाने चढते हे सांगतो. खाल्लेल्या अन्नात शर्करा किती आहे हे सांगत नाही. कलिंगडाचा अंक बराच वरचा आहे, पण त्याच्या १०० ग्रॅम फोडीत कर्बोदके सात ग्रॅमच्या आसपास असतात. उलट कमी अंकाचे धान्य भरपूर खाल्ल्यास शर्करा चढल्यावाचून राहत नाही. म्हणून वेग आणि प्रमाण या दोहोंचा विचार एकत्र केला पाहिजे.

ताटाची मांडणी

प्रमाण मोजण्यासाठी प्रत्येक घरी तराजू असणे शक्य नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. आहारतज्ज्ञांनी सुचविलेली सोपी रीत अशी : ताटाचा अर्धा भाग पालेभाज्या, फळभाज्या व कोशिंबिरींनी, एक चतुर्थांश भाग डाळ, उसळ, अंडी, मासे यांसारख्या प्रथिनयुक्त पदार्थांनी, आणि उरलेला एक चतुर्थांश भाकरी, पोळी किंवा भाताने भरावा. बटाटा, रताळे, सुरण यांची गणना येथे भाजीत न करता धान्यात करावी.

महाराष्ट्रीय ताटात या मांडणीची सामग्री आधीपासूनच आहे. ताटाच्या डाव्या बाजूस कोशिंबीर, उजव्या बाजूस भाजी व उसळ आणि मध्यभागी भात, अशी वाढण्याची परंपरा आहे. परंतु प्रत्यक्षात डावी बाजू नावापुरती आणि मध्य भरघोस, असे प्रमाण पडते. चमचाभर कोशिंबीर वाटीभर झाली, भाजी दुप्पट झाली आणि धान्य निम्म्यावर आले, तर नवा पदार्थ न शिकता मधुमेह्याचे ताट तयार होते. हरभऱ्याच्या १०० ग्रॅम डाळीत सुमारे २१ ग्रॅम प्रथिने, १५ ग्रॅम तंतू आणि ४७ ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणून पिठले, झुणका, मोडाच्या मटकीची उसळ हे पदार्थ उपयुक्त होत. पण त्यांतही कर्बोदके आहेतच, हे विसरून चालत नाही. किनारपट्टीवर मासे हे प्रथिनांचे उत्तम साधन आहे. तेथे भात सर्वस्वी सोडण्यापेक्षा भात कमी व मासे अधिक हा मार्ग पाळण्यास सोपा पडतो.

खाण्याच्या क्रमासही काही महत्त्व आहे. भाजी व प्रथिने आधी आणि पिष्टमय पदार्थ शेवटी खाल्ल्यास जेवणानंतरची शर्करा कमी चढते, असे २०१५ साली न्यूयॉर्क येथील एका छोट्या अभ्यासात आढळले. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालण्याचा परिणामही असाच होतो. कारण काम करणारा स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहता ग्लुकोज आत घेतो. निर्धन प्रमेह्याने पादत्राण व छत्र न घेता शंभर योजने चालावे, असे सुश्रुताने सांगितले आहे. त्यातील अनवाणी चालण्याचा भाग आज त्याज्य मानला पाहिजे, कारण मधुमेहात पायांची संवेदना मंदावते आणि लहानशी जखमही चिघळते; चालण्याचा भाग मात्र अनुभवास उतरला आहे.

काही प्रचलित समजुती

साखरेऐवजी गूळ किंवा मध चालतो, ही समजूत सार्वत्रिक आहे. गुळाचा बहुतांश भाग हा साखरेचाच असतो आणि मधात ग्लुकोज व फळशर्करा भरपूर असतात. रक्तशर्करेच्या दृष्टीने त्यांत विशेष भेद करता येत नाही. दुसरी समजूत उपवासाविषयीची. साबुदाणा हा जवळजवळ शुद्ध पिष्टाचा बनलेला असतो. त्याच्या १०० ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमहून अधिक कर्बोदके असून प्रथिने व तंतू नाममात्र असतात. एकादशीस खिचडी, बटाटा व रताळे यांवर काढलेला दिवस हा मधुमेह्याच्या दृष्टीने उपवास नसून पिष्टाचा अतिरेक होय. भगर अल्प प्रमाणात, शेंगदाणे बेताने, ताक, दही, काकडी व राजगिरा यांच्या आधारे हे व्रत अधिक सुरक्षितपणे पाळता येते.

फळे सर्वस्वी वर्ज्य करण्याचे कारण नाही. पेरू, संत्रे, पपई, जांभूळ ही फळे अख्खी व मर्यादित प्रमाणात घ्यावीत. आंबा, केळे, चिकू यांचे प्रमाण आणखी कमी ठेवावे आणि त्या वेळी जेवणातील धान्य तितके घटवावे. फळांचा रस मात्र टाळावा, कारण त्यात शर्करा राहते आणि तंतू जातात. मेथीच्या दाण्यांत विद्राव्य तंतू विपुल असल्याने त्यांचा थोडा उपयोग होतो. परंतु मेथी, कारले वा जांभळाच्या बियांचे चूर्ण घेऊन औषध बंद करणे हे आत्मघातकी ठरते.

कृश दिसणारा स्थूल

दुसऱ्या प्रकारचा मधुमेह हा लठ्ठ माणसांचा रोग, या कल्पनेस पुण्यातील संशोधनाने मोठा धक्का दिला. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांत गरोदर स्त्रियांचे व त्यांच्या बालकांचे दीर्घ निरीक्षण केले. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलोग्रॅम होते. परंतु भारतीय बालकांत स्नायू कमी असूनही त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून राहिलेली होती. २००४ साली याज्ञिक आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा उंचीच्या प्रमाणातील वजनाचा अंक २२.३ हा एकच होता. पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी निघाली. म्हणून भारतीयांसाठी २३ हा अंक अतिवजनाची सीमा मानतात, आणि पुरुषांत कमरेचा घेर ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे सुचविले जाते.

आहारबदलाने काय साधते, याचे पुरावेही आता उपलब्ध आहेत. मधुमेहपूर्व अवस्थेतील ५३१ भारतीयांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तीन वर्षांत सामान्य सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोकांस मधुमेह झाला; आहार व व्यायामाचे सतत मार्गदर्शन मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के राहिले, आणि तेही वजनात विशेष घट न होता. ब्रिटनमधील २०१७ च्या एका अभ्यासात, निदान होऊन सहा वर्षे झालेली नाहीत आणि इन्शुलिन चालू नाही अशा स्थूल रोग्यांना तीन ते पाच महिने सुमारे ८५० कॅलरींच्या आहारावर देखरेखीखाली ठेवले असता, वर्षाअखेर ४६ टक्के रोग्यांची शर्करा औषधावाचून मधुमेहाच्या मर्यादेखाली आली. ज्यांचे वजन पुन्हा वाढते त्यांचा विकार बहुधा परततो, म्हणून यास कायमची मुक्ती न म्हणता उपशम म्हणणे योग्य होय.

आहाराच्या मर्यादा

आहाराचे सामर्थ्य सांगताना त्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात कोणताही आहार इन्शुलिनची जागा घेऊ शकत नाही. ते बंद केल्यास थोड्याच दिवसांत प्राण जाण्याचा संभव असतो. इन्शुलिन किंवा स्वादुपिंडास चेतविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने जेवण टाळल्यास शर्करा ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरून घाम, कंप, भ्रम व शेवटी बेशुद्धी येते. अशा वेळी, रोगी गिळू शकत असल्यास, १५ ग्रॅम साखर पाण्यातून ताबडतोब द्यावी. बेशुद्धाच्या तोंडात मात्र काही घालू नये, त्यास तातडीने रुग्णालयात न्यावे. म्हणून उपवास असो वा आहारातील मोठी कपात, औषधांच्या मात्रा वैद्याकडून बदलून घेतल्यावाचून ती करू नये. मूत्रपिंडे बिघडली असल्यास प्रथिनांचे प्रमाणही वैद्याच्या सल्ल्यानेच ठरवावे लागते.

शेवटी एका व्यावहारिक अडचणीचा उल्लेख आवश्यक आहे. मधुमेह्यासाठी वेगळा स्वयंपाक करण्याची रीत फार काळ टिकत नाही, विशेषतः रोगी जर घरातील स्त्री असेल तर. सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले खाणारी गृहिणी स्वतःच्या ताटातील भाजी व डाळ इतरांना वाढून आपण भात किंवा शिळ्या पोळीवर भागविते. तिच्या हाती निषेधांची यादी देऊन काहीच साधत नाही. डाळी व भाज्या धान्यापेक्षा महाग पडतात, ही गरीब कुटुंबांची अडचणही खरी आहे, आणि स्वस्त धान्याच्या योजनांत डाळींना किती स्थान असावे हा प्रश्न म्हणूनच आरोग्याचाही प्रश्न आहे. मधुमेह्यास योग्य असे जे ताट वर वर्णिले, ते घरातील निरोगी माणसासही हितकर आहे. ज्यांच्या घरी एकास मधुमेह आहे तेथील इतर रक्ताच्या नात्यांतील माणसांना तो होण्याचा संभव अधिक असतो. यास्तव ताटातील बदल एकट्या रोग्याने न करता सर्व कुटुंबाने करणे हाच त्यांतील सुज्ञपणाचा मार्ग होय.